बर्फावरचा खो

आल्मबाख, आल्गॉय
२३ नोव्हेंबर १९५८

प्रिय वीणाताई,

साष्टांग नमस्कार. तो इथे मला रोज एकदा तरी घालावाच लागतो, कारण रस्ताभर बर्फ आहे आणि माझे बूट मिरजेत शिवलेले आहेत.

म्युनिक सोडून या खेड्यात काय करतोस, असं तू विचारलंस. दुधाच्या जंतूंमागे लागलोय, दुसरं काय! प्रबंधासाठी वर्षभर इथल्या मोल्केरायमध्ये, म्हणजे दूध-चीजच्या कारखान्यात, काम करायचं असं प्रोफेसरांनी ठरवलं. सकाळी दूध, दुपारी दूध, संध्याकाळी चीज. पण हे पत्र दुधाबद्दल नाही.

मी फ्राउ श्टाड्लर नावाच्या बाईंकडे खोली घेतली आहे. नवरा लढाईत रशियाकडे गेला तो परत आलाच नाही. एकुलता एक मुलगा, सोळा वर्षांचा. नाव सेबास्टियान, पण सारं गाव त्याला वास्टल म्हणतं. हा पोरगा आईस हॉकी खेळतो. आपलीच हॉकी, फक्त गोठलेल्या मैदानावर, पायांत स्केट घालून, आणि चेंडूऐवजी एक काळी रबरी चकती. भोवती फळ्यांचा कठडा. खेळाडू एकमेकांना त्या कठड्यावर दाणकन आपटतात आणि बायाबापड्या टाळ्या वाजवतात.

काल ज्युनिअर पोरांचा सामना पाहिला. ताई, वास्टलला अख्ख्या सामन्यात कुणी शिवू शकलं नाही! अंगावर माणूस आला की असा खांदा पाडतो, डावीकडे निघाल्याचं दाखवून उजवीकडून पसार. तीन-तीन जण त्याच्यामागे आणि हा मधूनच सटकला. मिरजेच्या मैदानावर खो-खोत मी इतकी वर्षं पळती केली आहे. पळणारा मला चालीवरून कळतो.

आणि असा हिरा प्रशिक्षक हेर, म्हणजे श्रीयुत, ग्राइनर तिसऱ्या फळीत ठेवतो! रात्री गुत्त्यात नेहमीच्या मंडळींचं टेबल असतं, त्याला श्टामटिश म्हणतात. तिथे वास्टलवरून दोन तट आहेत. बेकरीवाला म्हणतो, पोरगा रेशमासारखा आहे. पोस्टमन म्हणतो, रेशमाचं काय करायचं, घोंगडं पाहिजे. मी सफरचंदाचा रस पीत ऐकत होतो. शेवटी राहवेना. म्हटलं, हा मुलगा दोन वर्षांत पहिल्या वर्गाच्या क्लबात दिसेल. सगळ्या टेबलाने मान डोलावली. इथे मला सगळे 'हेर डॉक्टर' म्हणतात ना.

तू खो-खोत माझ्यापेक्षा सरस होतीस, हे मी फक्त पत्रात कबूल करतो. तुझं मत कळव.

तुझा,
दिन्या


बॉन
७ डिसेंबर १९५८

चि. दिनकर,

आशीर्वाद आहेतच, पण आधी एक सांग: तू डॉक्टर कधी झालास? पेढे मिळाले नाहीत. माझी रसायनं तीन वर्षं शिजताहेत, तरी मला कुणी डॉक्टर म्हणत नाही, आणि तू जंतू मोजायला लागला नाहीस तोवर उपाधी लागली! गावाला खरं सांगून टाक.

आता तुझा हिरा. मला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून आमच्या घरमालकांना विचारलं. हेर क्युर्टेन ट्रॅम चालवायचे, आता निवृत्त आहेत आणि इकडच्या ऱ्हाइनकाठच्या मोठ्या क्लबाचे जुने भक्त. त्यांनी मला उत्तर न देता उचलून क्योल्नला, म्हणजे कोलोनला, नेलं आणि थंडीत उभं करून सामना दाखवला. पाय अजून शेकते आहे.

ते म्हणाले, कोवळ्या खेळाडूची पारख करायची तर चकतीकडे बघू नका, मुलाच्या मानेकडे बघा. चकती त्याच्यापाशी असताना तो खाली बघतो की समोर? मग बघा, चकती त्याच्यापासून कुणाकडे जाते. आणि कठड्यापाशी दोघं गेले तर चकती घेऊन बाहेर कोण येतं?

तर दिन्या, मला हे सांग: तुझ्या वास्टलने गोल किती केले, आणि दुसऱ्याला किती करू दिले? कुणाला शिवू दिलं नाही, हे तू सांगितलंसच. खो-खोत पळणाऱ्याचं तेवढंच काम असतं, शिवून न घेणं. इथे तेवढ्यावर भागत असेल असं मला त्या दिवशी तरी दिसलं नाही. मला वाटतं तू हॉकी बघतच नाहीस. मिरजेचं मैदान बघतो आहेस.

बूट नवे घे. तुझ्या डॉक्टरकीबद्दल मामांना मी कळवलेलं नाही.

वीणा


आल्मबाख
११ जानेवारी १९५९

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून आठ दिवस रागावलो होतो. आता बातमीच अशी आहे की राग धरून बसणं परवडणार नाही.

तुझ्या ऱ्हाइनकाठच्या त्याच क्लबाचा माणूस इकडे आला होता! गावोगाव फिरून नवी पोरं हेरतो. गेल्या रविवारी तो आमच्या कठड्याला टेकून उभा होता. आणि वास्टलने काय खेळ केला म्हणून सांगू! तू विचारलंस म्हणून सांगतो, गोल एकच, पण त्याच्याआधी चार जणांना चकवून. ही सगळी हुलकावणी मी शिकवलेली. नाताळापासून रोज आम्ही तळ्यावर जातो. मी खुंटासारखा उभा राहतो आणि तो माझ्याभोवती खो-खोतल्यासारखी नागमोडी साखळी खेळतो. तो माणूस दुसऱ्या डावाच्या मध्यालाच निघून गेला. साहजिक आहे, मनाशी ठरल्यावर थंडीत कशाला थांबेल?

घरात तर सणच आहे. फ्राउ श्टाड्लरनी मला दुसऱ्यांदा सूप वाढलं. केम्प्टनला एक सुतार मास्टर आहेत, ते वास्टलला शिकाऊ म्हणून घ्यायला तयार आहेत. तिथली जागा ईस्टरपर्यंत धरून ठेवू म्हणाले होते. बाईंनी मला विचारलं, हेर डॉक्टर, करारावर सही करू का? मी म्हटलं, थोडं थांबा, क्लबाचं पत्र येऊ द्या. तर त्या थांबल्या.

आता बोल. हेर क्युर्टेनना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, आमच्या वास्टलची मान कुठेही असो, पाय बघा.

तुझा,
दिन्या


बॉन
१९ जानेवारी १९५९

दिनकर,

पत्र दोनदा वाचलं. खेळाडूबद्दल तुझं मत चुकलं तर श्टामटिशवर चार लोक हसतील, संपलं. पण एका विधवा बाईने तुझ्या शब्दावर मुलाची जागा अडकवून ठेवली आहे. ती तुला डॉक्टर समजते. या देशात त्या शब्दाला काय वजन आहे ते तुला माहीत नाही का? चांगलं माहीत आहे, म्हणून तर तू तो खोडून काढला नाहीस.

मी हेर क्युर्टेनना त्या माणसाकडे पाठवलं. दोघं एकमेकांच्या ओळखीचे निघाले. त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते: "स्केटवर पोरगा सुरेख आहे, त्या गावात तसा दुसरा नाही. पण अंगावर माणूस आला की बाजूला होतो. कठड्याकडे जातच नाही. चकती कुणाला देत नाही, कारण द्यायला थांबलं तर धक्का बसेल. असली पोरं मी खूप पाहिली. अठराव्या वर्षी मोडतात." आणि तो लवकर गेला, कारण त्याला पुढची गाडी पकडायची होती.

क्लबाचं पत्र येणार नाही, दिन्या.

तू ज्याची वाहवा करत होतास, नेमका तोच त्याचा दोष निघाला, आणि नाताळापासून रोज तळ्यावर नेऊन तू तो घोटून घेतलास. मला तुझा फार राग आलाय, आणि तितकंच वाईटही वाटतंय, कारण तू हे सगळं प्रेमाने केलंस.

आता करायचं ते ऐक. आधी बाईंना सांग. तू डॉक्टर नाहीस इथपासून सांग. मग हेर ग्राइनरकडे जा आणि विचार, की या मुलाचं काय होऊ शकतं. ते बोलतील तेव्हा मध्ये तोंड घालू नकोस. मग मला लिही.

वीणा


आल्मबाख
१ फेब्रुवारी १९५९

प्रिय ताई,

सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या, सगळं. बाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे तुम्ही डॉक्टर नाही. मग तुमचा प्रबंध तरी खरा आहे का?" मी म्हटलं, खरा आहे. "मग तो पुरा करा," म्हणाल्या आणि आत गेल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वास्टल दारात उभा राहून ऐकत होता. त्याने स्केट उचलले आणि अंगणात फेकले. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी पहाटे मोल्केरायला निघालो, तर हा पायरीवर बसून स्केटला धार लावतोय. वर न बघता म्हणाला, "मी भित्रा नाही." मी म्हटलं, तू भित्रा नाहीस, मी तुला भलतंच शिकवलं. तेव्हा म्हणाला, "तुमच्या आधीपासून मी असाच आहे. मार खायला कसं शिकतात ते मला कुणी सांगत नाही. सगळे नुसतं म्हणतात, खा."

हेर ग्राइनर म्हणाले, दोन हिवाळे मी त्याला हेच सांगतोय आणि तुम्ही एका महिन्यात माझ्या कष्टांवर पाणी ओतलंत. मी मध्ये बोललो नाही. मग म्हणाले, मुलाला डोकं आहे, पाय आहेत. अंगावर आलेला माणूस त्याला शत्रू वाटतो. तो उपयोगाचा असतो, हे ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तो खेळाडू होईल. ते कसं शिकवायचं हे मात्र मलाही सुचलेलं नाही, असंही ते म्हणाले.

मला तर मुळीच सुचत नाही. पण मी हे अर्ध्यावर सोडणार नाही, ताई. सांग काहीतरी.

दिन्या


बॉन
६ फेब्रुवारी १९५९

चि. दिन्या,

शाबास. हे पत्र मामांना दाखवण्यासारखं होतं, पण दाखवणार नाही.

हेर ग्राइनरचं वाक्य रात्रभर डोक्यात फिरत होतं आणि सकाळी चहा गाळताना उलगडलं. अरे, आपल्या खेळात दोन बाजू असतात! तू जन्मभर पळती केलीस, म्हणून तुला पळतीच दिसली. त्या मुलाला बसती शिकव.

बसतीवाला काय करतो? पाठलाग करताना गडी हातचा सुटतोय असं दिसलं की पाटीवर बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून खो देतो, आणि तो उठून धावतो. स्वतः गडी मारायचा मोह ज्याला आवरतो तो चांगला बसतीवाला. तुला कधी आवरला नाही, ते सोड. खो लवकर दिला तर पळणारा सावध होतो, उशिरा दिला तर निसटतो. नेमक्या क्षणी दिला की सापडलाच.

वास्टलला सांग, अंगावर येणाऱ्याला चुकवायचं नाही. त्याला जवळ बोलवायचं. तो तुझ्यावर आला म्हणजे दुसरीकडची त्याची जागा मोकळी पडली. तो आदळायच्या आत खो द्यायचा, आणि मग खुशाल पडायचं. धक्का बसला तर बसला, तुझं काम झालेलं असतं.

पोरांना पाटीसारखं ओळीत बसव. आणि त्याच्या अंगावर धावून जायला कुणीतरी जाडजूड माणूस लागेल. सध्या चीज किती खातोस?

वीणाताई


आल्मबाख
३१ मार्च १९५९

प्रिय ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण उजवा खांदा कामातून गेला होता. तो जाडजूड माणूस मीच.

हेर ग्राइनर आधी पोट धरून हसले. मग त्यांनीच ज्युनिअरची आठ पोरं बर्फावर ओळीत उकिडवी बसवली, एक या तोंडाला, एक त्या. वास्टल चकती घेऊन पाटीच्या कडेने निघणार आणि समोरून मी. स्केटवर मला धड उभं राहता येत नाही, म्हणून फ्राउ श्टाड्लरनी माझ्या अंगाला दुलई बांधली आणि दोन पोरं मला मागून ढकलायची. गाव बघायला लोटलं होतं. पोस्टमनने तर वाटपच थांबवलं.

पहिले चार दिवस वास्टल सवयीने बाजूला व्हायचा आणि मी सरळ कठड्यावर. पाचव्या दिवशी तो थांबला. मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, दात आवळले, आणि मी पोचायच्या आत चकती बेकरीवाल्याच्या पोराकडे सरकवून ओरडला, "खो!" मग आम्ही दोघं एकमेकांवर कोसळलो. ताई, मी बर्फावर उताणा पडून हसत होतो आणि तोही. ओठ फुटला होता त्याचा. म्हणाला, "एवढंच असतं होय?"

तुझ्या हेर क्युर्टेननी त्या माणसाला पुन्हा यायला राजी केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मार्चच्या पहिल्या रविवारी तो येणार होता. शुक्रवारी फ्योन सुटला. आल्प्सवरून येणारा गरम वारा असतो तो. शनिवारी मैदानात गुडघाभर पाणी होतं. त्याला तार केली, येऊ नका.

वास्टल पाण्याकडे बघत उभा होता. मला वाटलं, आता स्केट कायमचे टाकणार. घरी आला, आईसमोर बसला आणि म्हणाला, "सही कर. मी सुतार होतो. पण हिवाळ्यात शनिवार-रविवार मला घरी पाठवायचं, हे मास्टरशी आधी बोलून घे." बाईंनी सही केली. मग स्वयंपाकघरातल्या त्या कबुलीनंतर पहिल्यांदाच आपणहून माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हेर दिनकर, मला दोन्ही हवं आहे. सुतारही आणि खेळाडूही. चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. यापेक्षा एक शब्द जास्त बोललो नाही.

आज सकाळी तो केम्प्टनच्या बसमध्ये बसला. ट्रंकेत रंधा आणि स्केट शेजारी शेजारी. सप्टेंबरमध्ये मी म्युनिकला परत जाईन, पण हिवाळ्यातला प्रत्येक रविवार मी आल्मबाखला असणार, दुलई घेऊन.

तुझा,
दिन्या


बॉन
१९ फेब्रुवारी १९६२

चि. दिनकर,

पाकिटावर तुझ्या नावामागे 'डॉ.' लिहिताना या वेळी हात अडखळला नाही. मिरजेला पोचल्यापासून तुझं एकच पत्र, तेही दुधाबद्दल. माझाही प्रबंध होत आलाय, उन्हाळ्यात येते. पण हे आत्ताच लिहायला हवं.

काल क्योल्नला तुमचा बायर्न प्रांत आणि आमचा ऱ्हाइनलँड यांच्या ज्युनिअर निवड-संघांचा सामना होता. हेर क्युर्टेन मला घेऊन गेले. आता त्यांना काठी लागते, पण कठड्याजवळची जागा सोडत नाहीत. बायर्नच्या संघात आल्मबाखची तीन पोरं होती. तिसऱ्या नव्हे, पहिल्या फळीत, मधोमध, तुझा वास्टल.

किती आडवा झालाय रे तो! सुरुवातीलाच तो चकती घेऊन कठड्याकडे गेला, मुद्दाम. दोन दांडगे त्याच्या अंगावर आले. त्याने मान वर केली, आणि मला तिथे उभ्या जागी ऐकू आलं, "खो!" चकती मधल्या मोकळ्या पोराकडे गेली, वास्टल फळ्यांवर आदळला, आणि तो खाली पडायच्या आत गोल झाला होता.

मग लक्षात आलं, एकटा तोच ओरडत नाहीये. सगळेच ओरडताहेत. म्युनिकची पोरं, कुठली कुठली पोरं, द्यायच्या क्षणी "खो!" हेर क्युर्टेन मला विचारतात, हे बायर्नच्या बोलीतलं काहीतरी दिसतंय? मी रडत होते, दिन्या, आणि त्या थंडीत पाणी गालावरच गोठत होतं.

सामना संपल्यावर आम्ही कपडे बदलायच्या खोलीबाहेर गेलो. तोच हेरणारा माणूस तिथे आधीच उभा. वास्टल बाहेर आला, पुढचा एक दात गेलाय. माझी साडी पाहून सरळ पुढे आला आणि म्हणाला, "फ्राउ वीणाताई?" ताई हा शब्द आडनाव आहे अशी त्याची समजूत आहे. मी ती तशीच राहू दिली.

त्या माणसाने माझ्यादेखत त्याला विचारलं: मोठ्या संघात जागा आणि फर्निचरच्या कारखान्यात काम. वास्टल माझ्याकडे वळला. "हेर दिनकर काय म्हणाले असते?" दिन्या, जिभेवर 'जा' आलं होतं, पण मी म्हटलं, "ते म्हणाले असते, आईला विचार." तर हा हसला. म्हणाला, "आईने केव्हाच सांगून ठेवलंय. एप्रिलमध्ये सुतारकामाची परीक्षा. ती पास हो, मग कुठेही जा." आणि त्या माणसाला सरळ सांगितलं, एप्रिलनंतर येतो. तो माणूस म्हणाला, थांबतो. ज्याला एकदा गाडी चुकवायची नव्हती तो म्हणाला, थांबतो!

आजच्या पेपरातलं कात्रण सोबत आहे. गोल करणाऱ्यांची नावं ठळक छापली आहेत. त्यांत वास्टल नाही. पाचांपैकी तीन गोलांच्या शेजारी मी पेन्सिलीने 'खो: वास्टल' असं लिहिलंय. फ्राउ श्टाड्लरना पाठवलेल्या कात्रणावरही तसंच लिहिलं, फक्त जर्मनमध्ये.

आणि आता पेढे पाठव. तुझ्या डॉक्टरकीचे राहू देत, वास्टलचे पाठव. आल्मबाखला एक डबा, मला एक, आणि हेर क्युर्टेनना कमी साखरेचे.

तुझी,
फ्राउ वीणाताई